चारशे बारा मेल्या

कडकबाईंना कडकबाई हे नाव पडलं ते स्टार्चमुळे, असं त्या स्वतः सांगत. घरच्यांचं मत वेगळं होतं, पण ते त्यांच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती झाली नव्हती.

त्यांची लाँड्री होती. दोन इस्पितळं आणि तीन हॉटेलं यांच्या चादरी धुवायच्या, रोलरमधून काढायच्या, घड्या घालून परत पाठवायच्या. अकरा माणसं, चार यंत्रं आणि एक वही. शाळा तिसरीत सुटलेली, त्यामुळे वहीतले शब्द बाईंनी स्वतःच्या डोक्याने ठेवले होते. डाग पडलेली चादर आजारी. हॉटेलातल्या पाहुण्याने बॅगेत घालून नेलेली चादर पळाली. आणि जी विरून, फाटून फडक्याच्या लायकीची झाली, ती मेली. रोज संध्याकाळी बाई खुर्चीत बसून हाक मारत, "आज मेली किती?" आणि आतून आवाज येई, "दोन, बाई!" रस्त्यावरून पहिल्यांदाच जाणारा माणूस हे ऐकून चालायचा वेग वाढवी.

बाईंची एक नात होती, लेकीची लेक. विद्यापीठात अकाउंटिंगच्या शेवटच्या वर्षाला. हुशार, पण मुखदुर्बळ. लाँड्रीतली माणसं तिला सायलेन्सर म्हणत. लहानपणापासून आजीकडेच राहिली, पण धुलाईच्या खोलीत तिला पाऊल टाकायची परवानगी नव्हती. "माझी नात लोकांच्या घाणेरड्या चादरींना हात लावणार नाही," असा हुकूम होता. हुकूम निघाला की त्यावर चर्चा होत नसे. त्या घरात प्रश्न विचारायचं काम एकट्या बाईंचं होतं, बाकीच्यांनी उत्तरं द्यायची.

तर या हुशार नातीला पहिल्यांदाच शंभरात अकरा मार्क पडले.

पेपर नवीन होता. तो काढणारे विभागप्रमुख बाईंच्याच गिऱ्हाइकांपैकी. आठवड्याला सहा शर्ट, कॉलर कडक. एका शनिवारी शर्ट न्यायला आले तेव्हा बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "सर, तुमच्याकडे हल्ली कसला नवीन पेपर निघालाय म्हणे?"

सरांना ऐकणारं कुणीतरी हवंच होतं. "काय सांगू मालकीणबाई! मुलांना मी तीन वर्षं ज्या नोंदी शिकवतो, त्या यंत्र आता चहा गार व्हायच्या आत करून टाकतं."

"मग तुम्ही पगार कशाचा घेता?"

"यंत्राने अजून ते विचारलेलं नाही म्हणून घेतो," सर म्हणाले. "पण खरं सांगायचं तर कामच बदललं. नोंद यंत्र करणार. पण त्या नोंदीमागे काय घडलं, ते माणसालाच जाऊन विचारावं लागणार. म्हणून परीक्षेत खरा धंदेवाला समोर बसवतो. त्याची वही यंत्राकडून वाचून घेतो, तक्ता मुलांना देतो. पुढे मुलांनी प्रश्न विचारून धंद्याचं दुखणं शोधायचं. मागच्या वेळी एक केशकर्तनकार आणला होता. एक मुलगी त्याच्यासमोर वीस मिनिटं बसली आणि तिने एकच प्रश्न विचारला, पाणी मिळेल का म्हणून."

बाईंनी तोंडावरची सुरकुतीही हलू दिली नाही. ती मुलगी कुठली, हे त्यांना चांगलंच माहीत होतं. त्या मुलीला एका मोठ्या फर्मने नोकरी देऊ केली होती, पण अट होती, हा पेपर सुटला पाहिजे. फेरपरीक्षा पुढच्या बुधवारी. त्यातही गडगडली तर नोकरी दुसऱ्या कुणाच्या घरात.

"आता फेरपरीक्षेला कुणी वही द्यायला तयार नाही," सर म्हणाले. "लोक घाबरतात."

"मी कुणाच्या बापाला घाबरते काय?" बाई म्हणाल्या आणि वही सरांच्या शर्टांवर ठेवली.

याला लबाडी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. बाईंचा हिशोब सरळ होता. नात या लाँड्रीच्या अंगणात वाढली, तिला इथलं सगळं ठाऊक असणार, समोर आजी बसलेली दिसली की धीरही येईल. सरांना नातं सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही. नातीला सांगितलं नाही, कारण ती कार्टी इतकी प्रामाणिक की जाऊन स्वतःच सांगून आली असती.

बुधवारी बाई विद्यापीठात पोचल्या. लांबट खोली, भिंतीवर प्रोजेक्टरचा पडदा, मध्ये टेबल. टेबलाच्या एका बाजूला त्यांची खुर्ची, दुसऱ्या बाजूला विद्यार्थ्याची. कोपऱ्यात सर, आणि त्यांच्या शेजारी परीक्षक म्हणून आलेल्या फर्मच्या बाई. केस बारीक कापलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मागच्या बाकांवर नापास मंडळी. त्यात नात. आजीला आत येताना पाहिलं आणि तिचा चेहरा ब्लीचमध्ये बुडवून काढल्यासारखा झाला.

पहिला आला तो टायवाला. बाईंना नमस्कार करून तो पडद्याकडे वळला आणि पुन्हा त्यांच्याकडे बघायचं विसरला. पडद्यावर तक्ता उमटला. वर मथळा होता, 'रुग्णालय सेवा'. त्याखाली, 'आजारी स्त्रिया: नव्वद. मृत स्त्रिया: चारशे बारा. फरार स्त्रिया: एकोणीस.'

"आपल्या संस्थेतलं मृत्यूचं प्रमाण अत्यंत चिंताजनक आहे," टायवाल्याने घसा खाकरून सुरुवात केली. "आणि त्याहून गंभीर बाब, दगावलेल्या सगळ्या स्त्रियाच आहेत. पुरुष एकही नाही. यावरून उपचारांत भेदभाव होत असल्याचं स्पष्ट दिसतं."

बाईंनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. यंत्राने 'मेली' वाचलं आणि कुणी बाईमाणूस मेलं असं समजलं, हे त्यांच्या लक्षात यायला क्षणभर लागला. बोलायला तोंड उघडलं, पण सरांनी दुरून हात केला. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, असा नियम होता.

"एकोणीस जणी तर जीव वाचवून पळाल्या आहेत," टायवाला म्हणाला. "त्यांचा शोध घेऊन त्यांना नुकसानभरपाई..."

"त्या हॉटेलातल्या आहेत!" बाईंना राहवेना.

"बघा, सर!" टायवाला विजयी मुद्रेने म्हणाला. "त्यांना हॉटेलात लपावं लागलंय."

दुसरी आली ती फडाफडा बोलणारी. तिने रंगीत वर्तुळं दाखवली आणि सल्ला दिला की मरणाऱ्यांची संख्या पाहता संस्थेने शवागार वाढवावं, त्यात वाढीला फार वाव आहे. तिसऱ्याने मृत्यू महिन्यांत विभागून दाखवले आणि उन्हाळ्यात माणसं जास्त का मरतात यावर पंधरा मिनिटं बोलला. उन्हाळ्यात हॉटेलं भरलेली असतात, एवढं साधं कारण होतं. पण विचारलं कुणीच नाही. तिघांनी मिळून तास खाल्ला आणि त्या तासात बाईंना विचारलेला एकमेव प्रश्न होता, "पडदा नीट दिसतोय ना आजी?"

मग नातीचं नाव पुकारलं गेलं.

ती येऊन समोर बसली. हात मांडीवर घट्ट. पडद्यावर तक्ता लावला नाही. बाई मनात म्हणाल्या, आता सांग बये, चादरी आहेत म्हणून. सांग आणि सूट.

नात बोलेना. मिनिट गेलं. सरांनी घड्याळात पाहिलं. बाईंनी घरी करतात तसे डोळे मोठे केले आणि लगेच आवरले, कारण त्या डोळ्यांनी तिचं तोंड आजवर उघडलं नव्हतं, बंदच झालं होतं.

आणि मग बाईंच्या लक्षात आलं. पोरीला माहीतच नाही. ज्या खोलीत हे शब्द बोलले जातात त्या खोलीत आपणच तिला कधी जाऊ दिलं नाही. सगळ्या गावाला ऐकू जाणारी संध्याकाळची हाक तिच्यापर्यंत पोचायची नाही, कारण त्या वेळी ती क्लासला. लबाडी केली तीसुद्धा फुकट गेली.

"मेली कोण?" नातीने विचारलं. आवाज इतका बारीक की मागच्या बाकावरचे पुढे वाकले.

"चादर," बाई म्हणाल्या. "फाटली, विरली, की आम्ही मेली म्हणतो."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. टायवाला टायशी खेळू लागला.

"म्हणजे वर्षात चारशे बारा चादरी. जास्त आहेत का या?"

"आहेत."

"नवी चादर किती धुलाया टिकते?"

"दीडशे टिकायला हवी."

"आणि तुमच्याकडे?"

बाईंनी उगाचच खांद्यावरचा पदर सावरला. "सत्तर. ऐंशी, फार तर."

"आधीपासूनच?"

"नाही. दोन वर्षांपासून." हा आकडा त्यांनी आजवर स्वतःलाही मोठ्याने सांगितला नव्हता. माणसं हलगर्जी झालीत, कापड हलकं यायला लागलं, असं त्या सगळ्यांना सांगत.

"विरतात कुठे? कडेला की मध्ये?" नात आता थोडी पुढे सरकली होती.

"सगळीकडून. हातात घेतली की टरकन फाटते."

"मग घासून नाही फाटत," नात स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "ब्लीच कोण घालतं?"

खोलीत आणखी कुणाला त्या प्रश्नात काही वाटलं नसेल. बाईंना मात्र कुणीतरी दारावरची कडी काढल्यासारखं वाटलं. "मी घालते. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही."

"मापाने?"

"माझ्या हाताला माप आहे. अठ्ठावीस वर्षं."

"ब्लीच तेच आहे, पूर्वीचंच?"

"कंपनीने दोन वर्षांमागे डबा बदलला. आधी निळा होता, आता पांढरा."

"डब्यावर काय..." नात बोलता बोलता थांबली.

तिला कळलं होतं. डब्यावरची अक्षरं मुंगीएवढी, आणि बाईंचं वाचन तिसरीतलं, मोठ्या अक्षरांपुरतं. घरात आलेलं प्रत्येक पत्र नातच वाचून दाखवायची, ते चष्मा सापडत नाही या निमित्ताने. चष्मा रोज सापडायचा नाही. आता इतक्या लोकांसमोर पुढचा प्रश्न विचारायचा म्हणजे आजीला उघडं पाडायचं. नातीने खाली मान घातली. प्रश्न तिच्या घशातून परत आत जाताना बाईंना अगदी दिसला.

बाईंनी तेव्हा नजर फिरवली असती तर तो कायमचा आत गेला असता. बाईंची लाज राखली गेली असती, आणि पोरीची नोकरी गेली असती.

"थांबलीस का?" बाई कडाडल्या. "विचार! तोंड आहे ना?"

"तू डब्यावरचं वाचलंस का, आजी?"

'तुम्ही'चं 'तू' झालं आणि वर 'आजी'. टायवाल्यालाही कळलं असेल. सर खुर्चीतून अर्धे उठले.

"नाही वाचलं," बाई म्हणाल्या. "अक्षर बारीक होतं. आणि कुणाला वाच म्हणायला मला लाज वाटली. जुन्या हातानेच घालत राहिले."

"मग नवं ब्लीच जास्त कडक असणार. चादरी दुसऱ्या कुणी मारल्या नाहीत," नात हळूच म्हणाली, "तूच..."

"मीच मारल्या. बोल की पुरतं. अर्धवट बोललीस तर अर्धेच मार्क देतील ही माणसं."

सर टेबलापाशी आले. चेहरा गंभीर. "मालकीणबाई, ही तुमची नात?"

"लेकीची लेक."

"हे तुम्ही सांगायला हवं होतं. नात्यातला माणूस समोर बसलेला चालत नाही. हिला हे सोपं झालं."

"सोपं?" बाई उभ्या राहिल्या. "सर, घरी जा आणि तुमच्या सासूबाईंना विचारा, डब्यावरचं वाचता येतं का म्हणून. मग उद्या मला सांगा, सोपं होतं की कसं. आणि हो, मी लबाडी करायलाच आले होते. वाटलं, हिला आमचे शब्द माहीत असतील. त्या केशकर्तनकाराच्या धंद्याचं हिला जेवढं ठाऊक, तेवढंच आमच्या धंद्याचं निघालं."

फर्मच्या बाई पुढे वाकल्या. चष्मा वर ढकलून त्यांनी नातीला विचारलं, "मेली म्हणजे चादर, हे तुला खरंच माहीत नव्हतं?"

"नाही. आजीने मला त्या खोलीत कधी जाऊ दिलं नाही."

"आधी माहीत असतं तर पहिल्या मिनिटाला बोलली असती," फर्मच्या बाई सरांना म्हणाल्या. "मी बावीस वर्षं लोकांचे हिशोब तपासते. माझ्या सख्ख्या मामाचे तपासले, तेव्हा एक प्रश्न विचारायचा राहिला. त्याचं दुकान बुडालं. तो प्रश्न मला माहीत होता, सर." मग त्यांनी एक छापील कागद बाईंसमोर सरकवला. "हा समोरच्या माणसाने भरायचा. वीस मार्क याचे."

अक्षर बारीकच होतं. बाईंनी कागद नातीपुढे धरला. "वाच. मोठ्याने. मला दिसत नाही असं नाही, मला येत नाही."

नात वाचू लागली. "या विद्यार्थ्याने तुम्हाला अस्वस्थ केलं का?"

"हो."

"हे उणे धरायचं की अधिक?" सरांनी विचारलं.

"अधिक," फर्मच्या बाई म्हणाल्या. सरांनी उसासा टाकला आणि लिहिलं.

एकूण बासष्ट मार्क पडले, पेपर सुटला. बाईंच्या मते कमीच होते, आणि त्यांनी ते सरांना दारापर्यंत जाताना दोनदा सांगितलं.

जिन्यावर गर्दी होती. चार पायऱ्या उतरल्यावर नात म्हणाली, "आजी, मला त्या खोलीत का नाही येऊ दिलंस कधी?"

"हा परीक्षेतला प्रश्न आहे का?"

"नाही."

"मग उत्तर द्यायची सक्ती नाही."

आणखी एक वळण उतरून झालं. बाई कठड्याला धरून थांबल्या. "त्या एका खोलीत माझं कधी काही चुकत नसे," त्या म्हणाल्या. "तू आली असतीस, डबे वाचले असतेस, तर चुकलं असतं."

नातीने तोंड उघडलं. तिच्याकडे पुढचा प्रश्न तयार होता, चेहऱ्यावरच लिहिला होता, मोठ्या अक्षरात.

"विचार," बाई म्हणाल्या, "पण खाली उतरता उतरता. मागे लोक खोळंबलेत."