आजीची मूठ

इटियाडोह धरणाच्या कालव्याजवळच्या त्या लहान दवाखान्यात प्रेमिला सिस्टरचा शब्द चालायचा. डॉक्टर शिबिराला गेले तरी कुणाला धास्ती वाटत नसे, आणि तिला तर नाहीच नाही. लेकरांच्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हती.

त्या दुपारी चंदा आपली दीड वर्षाची आचल कडेवर घेऊन आली, मागोमाग सासू देवकाबाई. पोरगी सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून डोक्यावर पडली होती. आधी भोकाड पसरलं, मग ओकली, आणि झोपली ती झोपलीच.

"रडून रडून थकली पोरगी," देवकाबाई म्हणाली. "झोपलेल्या लेकराले कायले उठवून राहिली वं बाई? पाच पोरं वाढवली मी. झोप झाली का उठंल."

मोठ्या माणसाची शुद्ध नाव-गाव विचारून कळते. दीड वर्षाच्या पोरीला काय विचारणार, कपाळ? तिचं सगळं बोलणं डोळ्यांत, रडण्यात अन् हातापायांत. लेकरू रडतं का, आईनं घेतल्यावर थांबतं का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं. प्रेमिलानं कानाशी हाक मारली, टाळी वाजवली. काही नाही. नखावर पेन दाबला, तेव्हा आचल जराशी कण्हली, हात मागे घेतला, डोळे किलकिले केले आणि पुन्हा गप्प. आईकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

प्रेमिलानं शिबिराला गेलेल्या डॉक्टरांना फोन लावला, रुग्णवाहिका बोलावली.

"आजी, ही झोप नव्हे. शुद्ध हरपून राहिली हिची. डोक्यात रक्त साचत असेल. आत्ताच्या आत्ता गोंदियाला न्या, नाहीतर पोरगी हातची जाईल."

"डोकं फोडतीन तिथं! मी नाई नेऊ देत," देवकाबाईनं नातीला ओढून मांडीवर घेतलं. "नजर लागली तिले. उतरवतो, मंग उठते का नाई पाह्य."

चंदा सासूपुढे बोलेना, नुसती मुसमुसत होती. प्रेमिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण म्हातारीशी भांडायला वेळ होता कुठे? अन् गाडी यायला अजून अवकाश होता.

"नजर उतरवता तेव्हा ही काय करते, आजी?"

"काय करते? माही मूठ उघडते! एकेक बोट उकलून काढते. तापानं फणफणली होती, तरी सोडली नाई मूठ."

"मग उतरवा. मीही पाहते."

देवकाबाईनं पदराच्या गाठीतली मीठ-मिरची मुठीत धरली, पोरीवरून ओवाळली आणि सवयीनं मूठ तिच्या तोंडापुढे थांबवली. आचलचा हात पडलेलाच.

"घे न वं माय. आचल, घे न."

तिनं नातीची बोटं उचलून आपल्या मुठीवर ठेवली. ती घसरून खाली आली. म्हातारीची मूठ सुटली, मिरच्या फरशीवर सांडल्या.

दारात गाडीचा हॉर्न वाजला.

"चल वं चंदा, बस गाडीत," देवकाबाई म्हणाली, आणि नातीला उराशी धरून सगळ्यांच्या आधी तीच चढली.

प्रेमिलाही सोबत निघाली. वाटभर ती आचलला हाका मारत होती, नख दाबून बघत होती. पोरगी आपण पोचवणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. गोंदियाला लगोलग ऑपरेशन झालं, साचलेलं रक्त काढलं.

पुढे एक दिवस प्रेमिला भेटायला गेली, तर देवकाबाई खाटेशी मूठ आवळून बसलेली.

"मिरची नाही ना त्यात?"

"नाई वं बाई. रिकामीच हाय."

डोक्याला पट्टी बांधलेल्या आचलनं डोळे उघडले. मुठीकडे टक लावून पाहिलं. हळूच एक बोट उकललं, मग दुसरं. मूठ रिकामी निघाली आणि पोरीनं फसवलं म्हणून असं भोकाड पसरलं की अख्खा वॉर्ड जागा झाला.

"रडून राहिली वं!" देवकाबाई स्वतःच रडायला लागली.

"रडू द्या. चंदा, घे तिला," प्रेमिला म्हणाली आणि बघत उभी राहिली.

चंदानं पोरीला खांद्याशी धरलं. आचल हुंदका देऊन गप्प झाली.