एक मापटं मका

राधाकिसननं हरणीच्या डाव्या कुशीत तीन बोटं रुतवली आणि काढली. कणकेत पडावा तसा खड्डा पडला, आणि तसाच राहिला. त्यानं तिच्या तोंडाशी नाक नेलं. आंबूस वास आला. एवढं त्याला पुरेसं होतं.

जालन्याहून मोतीबिंदूचं ऑपरेशन करून तो आज सकाळीच बसमधून उतरला होता. डोळ्यावर काळा चष्मा होता. फाट्यावरच कोणीतरी सांगितलं, तुमच्या माळावर हरणं पडलीत. घरी न जाता तो पिशवीसकट इकडंच आला. चार मरून पडली होती. बाकीची तीन लांब बांधाशी उभी होती, ना पळत होती ना जवळ येत होती. आणि ही पायाशी पडलेली फाटकी होती. डावा कान फाटलेला म्हणून आसराबाईनं, त्याच्या बायकोनं, ठेवलेलं नाव. फाटकी गाभण होती.

राजूरच्या अलीकडं त्याची ही दोन एकर मुरमाड जमीन. निजामाच्या काळात तिथं साहेबलोक शिकारीला यायचे म्हणे, म्हणून अजूनही शिकारीचा माळच म्हणतात. तीन वर्षांमागं पाऊस लांबला तेव्हा राधाकिसननं तिथं हरणांना मका टाकायला सुरुवात केली. उन्हाळ्यापुरतंच, असं ठरलं होतं. पण पाऊस झाला, हिरवं उगवलं, थंडी आली, तरी बाराही महिने मका चालूच. मुलगा रामेश्वर अंकुशनगरला साखर कारखान्यात. घरात दोन म्हातारी माणसं. दारी खायला येणारं दुसरं होतं तरी कोण?

रोज संध्याकाळी तो एकच मापटं टाकायचा, तेही लांबवर विखरून. त्यावरून आसराबाई त्याला कायम टोचायची. सात जिवांना एक मापटं? पाव्हण्याला असं वाढतं का कोणी? जन्माचा चिक्कू माणूस! तो नुसता "पुरं" म्हणायचा.

का पुरं, ते त्यानं कधी सांगितलं नाही. पंधराव्या वर्षी तो मामाच्या मेंढ्या राखायचा. भोकरदनच्या बाजूला एकदा त्याचा डोळा लागला आणि मेंढ्या मक्याच्या खळ्यात घुसल्या. अकरा मेंढ्यांच्या पोटात दाणा आंबला. दिवसभर त्या दात खात पडल्या होत्या, आणि तो आवाज ऐकत हा शेजारी बसून होता. असलं काही जेवताना बायकोला सांगतात का? आता वाटलं, सांगायला काय धाड भरली होती.

बोरीच्या बुडाशी मक्याचा उरलेला ढीग होता. त्याच्याशेजारी हळदीकुंकू वाहिलेला हिरवा खण, नीट घडी घालून ठेवलेला. राधाकिसन तिथंच खाली बसला.

मागच्या आठवड्यात अंकुशनगरला सुनेचं, तृप्तीचं, डोहाळजेवण झालं. तिच्या माहेरच्यांनी हॉल घेऊन केलं. यांना फोटो आले, तेही मोबाईलवर, सगळं उरकल्यावर. आसराबाई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, आपली फाटकीपण पोटुशी हाय की, तिचं करू. तो हसला होता.

त्यानं खण उचलला आणि शर्टाच्या खिशात घातला.

तोवर माणसं जमली. वनरक्षक प्रिया मॅडम मोटारसायकलवरून आल्या. आसराबाई धावत आली ती थेट फाटकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि शेजारच्या शेतातल्या भुजंगच्या नावानं तळतळाट करू लागली. त्यालाही कारण होतं. भुजंगचा हरभरा ही हरणं खुडायची, आणि गिरणीवर चार लोकांत तो बोलून गेला होता की तुमच्या मक्यानं सवकलीत ही, एक दिवस औषधच टाकतो. रागात माणूस बोलतो. आता तो ओठ चाटत उभा होता आणि सगळे त्याच्याकडंच बघत होते. मॅडमनी वही काढून त्याचं पूर्ण नाव विचारलं.

राधाकिसन पुढं झाला.

"मॅडम, भुजंगचं नाव नका लिहू. औषध न्हाई ते. मका जास्त झालाय. रवंथ करणारं जनावर हाय, एकदम इतका दाणा खाल्ला की पोटात आंबतो. डॉक्टरला पोट फाडून बघू द्या, मकाच निघंल."

"एवढा टाकला कोणी, बाबा?"

"मीच. तीन दिवस घरी न्हाई म्हणून सोमवारी जाताना पोतं वतून गेल्तो."

मॅडम चिडल्या. जंगली जनावराला खायला घालू नका म्हणून दोनदा बजावलं होतं, आता पंचनामा होईल, जबाब द्यावा लागेल, केसही होऊ शकते. राधाकिसन प्रत्येक गोष्टीला मान डोलवत राहिला. भुजंगनं त्याला तांब्याभर पाणी आणून दिलं.

आसराबाईचा तळतळाट मधेच थांबला होता. सोमवारी नवरा सहाच्या बसनं गेला तेव्हा पोतं घरातच होतं, तोंड शिवलेलं. दुपारी ती शिवण तिनं स्वतः उसवली होती. अर्धा अर्धा मका डोक्यावर घेऊन दोन खेपा केल्या होत्या, गुडघे दुखत असताना. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. काळ्या चष्म्याआड त्याचे डोळे काही दिसेनात.

संध्याकाळी तो अंगणात बाजेवर पडला होता. औषधाची वेळ झाली होती. तिनं त्याचा चष्मा काढला, बाटलीसाठी खिशात हात घातला. बाटलीबरोबर हिरवा खण बाहेर आला.

तिनं डोळ्यात औषध टाकलं. दोनच थेंब, सांगितले होते तेवढेच. बाटलीचं टोपण काही तिला लावता येईना.

"अवो," ती म्हणाली, "लई दुखलं असंल का व्हं तिला?"

"न्हाई," राधाकिसन म्हणाला. "गुंगी येती. झोपेतच जातं जनावर."

तिनं मान हलवली. मग खणाचं टोक त्याच्या गालावर टेकवून ओघळ टिपत राहिली. ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं.