पान एकेचाळीसची ओल

दिनांक १४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. डिचोलीच्या आमच्या कचेरीतील लोखंडी कपाट उघडले, तेव्हा आत माझे एकशे एकोणसाठ अंक होते. एकशे अठ्ठावन्न कोरडे होते. एक ओला होता.

मित्रांनो, मी एक जुनी संशोधन-पत्रिका आहे. माझे नाव ‘तंतुपरीक्षा’. सूत, कापड, रंग आणि त्यांचे बळ यांविषयी ज्यांनी काही मोजून पाहिले, त्यांचे लेखन मी दर तीन महिन्यांनी छापते. माझा जन्म जानेवारी १९८५ मधला. तंत्रविद्यालयात वस्त्रशास्त्र शिकवणारे कृष्णनाथ सर माझे संस्थापक. पहिला अंक बाजारातल्या एका छोट्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून छापला. खाणींचे दिवस होते. खाणकामगारांच्या कपड्यांवरचे तांबडे डाग कशाने जातात, हा माझ्या पहिल्या पानावरचा प्रश्न होता. पुढे खनिज गाळण्याचे कापड, मासेमारीच्या जाळ्यांचे दोर, खाऱ्या वाऱ्यात विरणारे पडदे, असे पुष्कळ काही माझ्यात आले. दूरच्या विद्यापीठांतून पत्रे येत. मग खाणी बंद पडल्या, वर्गणीदार घटले आणि कपाटाचे दार महिनोन्महिने बंद राहू लागले.

आता मी कागद सोडणार होते. ऑक्टोबरचा रखडलेला एकशे साठावा अंक हा माझा शेवटचा छापील अंक ठरला होता. त्यानंतर मी संगणकावर निघणार होते आणि जुने अंकही तेथेच ठेवले जाणार होते, म्हणजे कोणालाही, कोठूनही वाचता यावेत. हे काम सहसंपादक हर्षा हिच्याकडे होते. तिचा एक नियम होता. प्रत्येक निबंधासोबत प्रयोगशाळेची मूळ वहीही जोडायची.

ओला अंक तिनेच हातात घेतला. तो एकशे सदतिसावा होता, जानेवारी २०१९ चा.

“मॅडम, कपाटात पाणी शिरलंय का?”

मॅडम म्हणजे सुमंगलाबाई. कृष्णनाथ सरांची धाकटी बहीण, तंत्रविद्यालयातून निवृत्त झालेली आणि आता माझी संपादक. तिने बोट फिरवून पाहिले. वरचा अंक कोरडा, खालचा कोरडा, फळी कोरडी. फक्त पान चाळीस आणि एकेचाळीस ओले, आणि त्यांच्या मधोमध घडी घातलेली कापडाची एक पट्टी. पट्टीभोवती तांबूस डाग पसरला होता. पावणेसहा वर्षे तो दर पावसाळ्यात दोन-तीन ओळी वर चढत आला होता. आता तो लेखकाच्या नावाला टेकला होता. ते नाव कृष्णनाथ सरांचे होते.

तो त्यांचा शेवटचा निबंध. काजूच्या टरफलाचे तेल पाजलेल्या सुती पट्ट्या त्यांनी ऑक्टोबर २०१४ मध्ये धारगळच्या एका डोंगरीत पुरल्या. दर ऑक्टोबरला पाच पट्ट्या उकरून त्या किती भाराला तुटतात ते मोजायचे. पहिल्या वर्षी बावन्न किलो, मग सेहेचाळीस, मग एकेचाळीस. चौथ्या वर्षी त्रेचाळीस. पुरलेल्या कापडाचे बळ वाढले होते. या एका आकड्याने माझे नाव पुन्हा दूरवर गेले. धारगळचे लोक मात्र म्हणाले, त्यात नवल काय, तेथला राखणदार, म्हणजे ती जागा राखणारा देव, ते कापड रात्री विणतो.

हर्षाने वही आणली. पट्ट्या उकरून मोजण्याचे काम प्रयोगशाळेतील मधुकरचे होते. त्याचे अक्षर टपोरे आणि स्वच्छ होते.

“उकरल्या सकाळी नऊ वाजता. तोडल्या दुपारी चार वाजता. त्याच दिवशी,” हर्षा वाचत गेली. “निबंधात तर लिहिलंय, चोवीस तास ठरावीक हवेत ठेवून मग तोडल्या.”

सुमंगलाबाईने वही स्वतःकडे ओढून ती वेळ पुन्हा वाचली. हे दोघींनाही शिकवावे लागणार नव्हते. सुती कापड ओले असले की जास्त भार पेलते. म्हणून तर चोवीस तास ठेवायचे असते.

मधुकरला बोलावले. साठी उलटलेला माणूस, दारातच थांबला. पट्टी पाहिली आणि त्याने चपला काढल्या.

“बाई, ही हांगा खंय गावली?”

“पुस्तकात. मधुकर, त्या वर्षी चोवीस तास का ठेवल्या नाहीत?”

“पयली तीन वर्सां सर सांगाती असत. ते असतना माका भंय नसा. चौथ्या वर्सा ते आजारी पडले. ती जागा राखणदाराची. थंयची वस्तू रातभर दुसऱ्याच्या घरात ठेवची न्हय. सूर्य बुडच्या आदी परत न्हेल्यो. राखणदाराक रोट ठेवलंय, विडी ठेवलंय.”

“आणि सरांना सांगितलं नाहीस?”

“वहीत बरयलंय मगो. वेळ बघा, खरी आसा.”

खरीच होती. आजारी सरांनी अंथरुणावरून निबंध लिहिताना आदल्या वर्षीचे वाक्य तसेच उतरवले होते. वहीतील वेळेकडे कोणीच पाहिले नव्हते. मीही ते वाक्य निमूटपणे छापले.

“पाच उकरल्यास. परत किती नेल्यास?”

“चार तुटल्यो, त्यो न्हेल्यो. पाचवी तोडूक वेळ गावलो ना, अख्खी होती. वाटेर सरांक दाखवूक गेलंय. त्यांनी उशाखाली ठेवली. म्हणाले, फाल्यां सकाळीं परत दितां.” मधुकरने पट्टीकडे पाहिले. “चार म्हयन्यांनी ते गेले. मागू कोणाकडे? म्हणान दर वर्सा तिच्या नावान येक रोट ज्यास्त ठेवतंय.”

मित्रांनो, पाचवी पट्टी कोठे आहे, हे मला ठाऊक होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये सरांनी ती माझ्यात ठेवली आणि हळूच म्हटले, “ही पुन्हा मोजायला हवी.” मला वाचा नाही. मी फक्त ओली होत राहिले.

“मॅडम, हा निबंध असाच जगापुढे ठेवायचा का?” हर्षाने विचारले.

“दादाचं एवढं एकच काम लोकांच्या लक्षात आहे,” सुमंगलाबाई म्हणाली. मग तिने चष्मा पुसला. “पट्टी प्रयोगशाळेतल्या ठरावीक हवेच्या कपाटात ठेव. पासष्ट टक्के आर्द्रता, सत्तावीस अंश. वजन थांबेपर्यंत.”

“बाई, रातभर?” मधुकर म्हणाला.

“पावणेसहा वर्षं आमच्याकडे वस्तीला आहे ती. आणखी एका रात्रीचं भाडं लागायचं नाही. तुझ्या राखणदाराला सांग, मी हमी राहते.”

मधुकर हसला नाही. पण काटा त्यानेच लावला.

अकरा वाजता पट्टीचे वजन ३.६२ ग्रॅम भरले. एक वाजता ३.५१. तीन वाजता ३.४०. हर्षाने काटा दोनदा तपासला. पावणेसहा वर्षे कोरड्या कपाटात राहिलेली पट्टी आज सकाळीच मातीतून काढल्यासारखी पाणी सोडत होती. खोलीत नांगरलेल्या जमिनीचा वास भरला. पाच वाजता ३.२९. मधुकर दिवा लागण्यापूर्वी घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ३.०२. अकरा वाजता ३.०२. वजन थांबले. साडेअकराला मधुकरने पट्टीची दोन टोके यंत्राच्या जबड्यांत धरली. सुमंगलाबाईने आकड्याकडे पाठ केली. कापड तुटले, तेव्हा आवाज मोठा झाला नाही. कोणी सुस्कारा सोडावा तेवढाच.

हर्षाने आकडा वाचला. सुमंगलाबाईने तो वहीत स्वतःच्या हाताने लिहिला, पुढे वेळही लिहिली. “ही एकच पट्टी होती, हेही छाप,” ती म्हणाली. “आणि बळ वाढल्याचा निष्कर्ष मागे घेतला, हे पहिल्या पानावर. दादाच्या नावाखाली.”

त्याच दुपारी ती मधुकरसोबत धारगळला गेली. तुटलेले दोन तुकडे सूर्य बुडण्यापूर्वी मातीत गेले. नैवेद्याचा एक रोट तिनेही ठेवला. शनिवारी सकाळी हर्षाने मला उघडले, तेव्हा पान एकेचाळीस कोरडे खडखडीत होते. तांबूस डाग मात्र सरांच्या नावापाशीच थांबलेला होता. अर्ध्या ग्रॅमाहून अधिक ते पाणी कोठून येत होते, हे मी एकशे साठ अंकांत कोठेही छापलेले नाही, कारण ते कोणी मोजलेले नाही.

मित्रांनो, यापुढे मला पाने नसतील. माझ्यात काही लपवून ठेवता येणार नाही आणि मला ओलही येणार नाही. म्हणून एक विनंती करते. माझ्यातील वाक्य पटले, तरी त्यामागची वही उघडा. ज्याने हाताने काम केले, त्याने लिहिलेली वेळ वाचा. आणि मोजायचे राहिले असेल, तर ते मोजा.

शेवटचा छापील अंक, पान एक. चौथ्या वर्षाचे बळ. पूर्वी छापलेले : ४३ किलो. दुरुस्त : ३६ किलो.