आठशे सत्तावन्नाचा भाग

रत्नमाला रोज लासूर स्टेशनहून रेल्वेनं शहरात यायची आणि टीव्ही सेंटरजवळ काकासाहेबांच्या क्लासमध्ये गणित शिकवायची. क्लासच्या दारावर पितळी आकड्यांत एक संख्या ठोकलेली होती: १२३४५६७८९०१. खाली लिहिलं होतं, ‘मूळसंख्या. हिला भाग नाही, आम्हाला तोड नाही.’ वीस वर्षं काकासाहेब छाती ठोकून हेच सांगत आले होते.

रत्नमालेनं सहज म्हणून भाग देऊन बघायला घेतलं. दोन, तीन, पाच, सात... गाडीत बसल्या बसल्या एकेका मूळसंख्येनं, तीन आठवडे. एकशे अठ्ठेचाळिसावी मूळसंख्या आठशे सत्तावन्न. तिनं भाग दिला आणि बाकी काही उरली नाही.

आधी ती काकासाहेबांकडंच गेली. “सर, दारावरची पाटी बदलावी लागंल. आठशे सत्तावन्नानं भाग जातोय.”

त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. “जा, बापाची मेंढरं मोज. मोठे आकडे आमच्याकडं राहू दे.”

बापाचं नाव निघालं तसं तिचं डोकं फिरलं. ती तडक वर्गात गेली आणि चाळीस पोरापोरींपुढं फळ्यावर गुणाकार मांडला: १४४०५६९३ गुणिले ८५७. सगळे वहीत करू लागले. पहिल्या बाकावरची श्रेया ओरडली, “मॅडम, जुळलं! दारावरचीच संख्या आली!”

वर्गात हशा उसळला. तो ऐकून काकासाहेब आत आले. त्यांनी फळा वाचला, खिळ्यावरचा, फळ्यावर वर्तुळं काढायचा लाकडी कंपास काढला आणि तिच्या डाव्या कानावर हाणला. ती गुडघ्यावर आली. त्यांनी कंपास टाकला, तिची वेणी मुठीत धरली आणि तोंड फळ्यावर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. आकड्यांवरून रक्ताचा ओघळ उतरला.

“पूस! तोंडानं पूस!”

पोरं किंचाळत होती, पुढं कुणी येईना. रत्नमालेचा दात तुटून जिभेवर आला. चाचपडताना हाताला कंपास लागला. त्याचं लोखंडी टोक बोटभर लांब. दोन्ही हातांनी धरून तिनं ते त्यांच्या मांडीत खुपसलं आणि पिळलं. काकासाहेब गुरासारखे हंबरत खाली बसले. तिनं कंपास उपसून पुन्हा उगारला, तेवढ्यात श्रेयानं तिच्या हाताला मिठी मारली.

“मॅडम, नका ओ! मरतील ते!”

दवाखान्यात तिला नऊ टाके पडले. तिचा बाप केरबा आला तो रानातून तसाच.

“कशापायी झालं गं माय एवढं?”

“एका आकड्यापायी, आबा.”

“आकड्यापायी माणूस जीव घेतं व्हय?” तिच्या डाव्या बाजूला बसत तो पुटपुटला.

तिला ऐकूच आलं नाही. डावा कान गेला होता. म्हातारा खाटेला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आला आणि पुन्हा तेच बोलला.

संध्याकाळी पोलीस जबाब घ्यायला आले. तिनं सगळं सांगितलं: पाटी, मेंढरं, वेणी. ‘जीव वाचवण्यासाठी मारले’ असं त्यांनी लिहिलं, तिनं खाली सही केली. टोक मांसात शिरताना तिला किती बरं वाटलं होतं, तेवढं मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही.