दोन बरण्यांची झाकणं

"जोडीतली पहिली बरणी. चिनी माती, पांढऱ्यावर निळं रंगकाम. खांद्यावर फुललेली फांदी, पोटावर दोन पक्षी. तळ..."

तळ, एवढंच लिहून झालं होतं, तोच दादाने टेबलावरचा टॉर्च उचलून स्वतःच्याच डोळ्यांवर मारला.

"चालू आहे की," तो म्हणाला.

"चालू आहे म्हणूनच तिथे ठेवला होता, दादा. ठेव खाली."

ताईने आयुष्यभर एक नियम पाळला होता: घरच्या वस्तूची पारख करायची नाही. लोकांच्या घरी जाऊन ती आजेसासूच्या फुलदाणीला तोंडावर नकली म्हणत असे, रडणाऱ्याला पेलाभर पाणी देत असे आणि बाहेर पडत असे. घरच्यांना पाणी देऊन बाहेर पडता येत नाही. बाहेर पडलं तर फोन येतात.

बाबा गेले तेव्हा त्यांच्या कपाटातल्या या दोन बरण्या भावांनी वाटून घेतल्या. एक दादाला, एक बाळला. बाळ पन्नाशी ओलांडून गेला होता तरी बाळच. ताईला काय, तर "तुला बाबांनी नजर दिली," असं दादा म्हणाला होता. नजर कपाटात मांडता येत नाही, हे उत्तर तिला घरी पोचल्यावर सुचलं, आणि तेव्हापासून ते रोज सुचत होतं.

बरणी घरी नेल्यावर दादाच्या लक्षात आलं की आपलं झाकण हलतं. ज्याअर्थी आपलं हलतं, त्याअर्थी नीट बसणारं झाकण बाळने वाटणीच्या गडबडीत लंपास केलं. झालं. त्या दिवसापासून भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते. बघायचंच झालं तर ताईच्या तोंडाकडे बघून बोलत.

आणि आता संग्रहालयाला ती जोडी हवी होती. दोन्ही बरण्या, दोन्ही मूळची झाकणं, काचेमागे, खाली पाटीवर बाबांचं नाव. समिती नंतर तपासणारच होती, पण जोडी पूर्ण आहे असं ताईने आधी सहीनिशी लिहून द्यायचं होतं. संग्रहालयाच्या बाई पाच वाजता येणार होत्या. नाही जमलं तर बाळने एक व्यापारी बघून ठेवला होता, त्याला एकटी बरणीही चालणार होती. जोडीतली एक गेली की दुसरीला कोण विचारतो? कुणाच्या तरी दिवाणखान्यात तिच्या बुडाला भोक पाडून वायर घालतील, वर दिवा लावतील. अशी भोकं ताईने खूप पाहिली होती. बाबांच्या बरणीत तिला भोक बघायचं नव्हतं. एवढं एकच तिला हवं होतं, आणि त्यासाठी ती सकाळपासून दादाच्या जेवणाच्या टेबलाशी बसून होती.

*

"जोडीतली पहिली बरणी. (वरचं सगळं तसंच.) तळाची कड बिनझिलईची, भट्टीतली वाळू चिकटलेली, भाजल्याचा तांबूस रंग. मध्ये निळ्या रेघेची दोन वर्तुळं. वर्तुळांच्या आत..."

"आत काय?" दादा.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? राजाचं नाव असतं ना आत?"

"कधी असतं, कधी नसतं. नाव कुणीही लिहितं, दादा. नंतरचे कारागीर जुन्या राजाचं नाव खुशाल लिहायचे. नाव नाही हे काही वाईट नाही."

दादा टेबलावर झुकला. मग हळूच म्हणाला, "बाळच्या बरणीवर आहे का?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की!"

तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. वहिनी चहा घेऊन आली आणि तिने कप बरोबर बरणीच्या कानाशी ठेवला. ताईने तो उचलून खुर्चीवर ठेवला. वहिनीने तो पुन्हा टेबलावर ठेवला. "खुर्चीवर कुणीतरी बसेल, वन्सं." ती आत गेल्यावर ताईने कप परत खुर्चीवर ठेवला.

*

कुणीतरी म्हणजे बाळ. तो आला तो बरणीला लेकराच्या दुलईत गुंडाळून, छातीशी धरून. गाडीत तिला पट्टा लावून बसवली होती, हे त्याने ताईला सांगितलं. दादाला ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगितलं.

"ताई, ह्यांना सांग, माझं झाकण कसं बसतं ते बघा म्हणावं."

"ताई, ह्याला सांग, बसेलच. माझंच आहे ते."

"मी टपाल खातं नाहीये!" ताई म्हणाली. "दुलई सोड. आणि गळ्याला धरू नकोस, बुडाखाली हात घाल. किती वेळा सांगायचं?"

"बाबांसारखी बोलतेस."

बाबांनीच शिकवलं होतं. आधी तळ, मग पोट, चेहरा सगळ्यात शेवटी. तिने बाळची बरणी टॉवेलवर घेतली. तळ बघितला. तीच वाळू, तीच रिकामी वर्तुळं. उगाच बरं वाटलं. मग झाकणावर दोन बोटं ठेवून हलवून पाहिलं. झाकण जागचं हललं नाही.

हललं नाही हे तिला अजिबात आवडलं नाही. भट्टीतून आलेली झाकणं इतकी गुणी नसतात.

तिने ते उलटं केलं. बरणीच्या गळ्यात उतरणारी आतली कड एखाद्या नव्या कपबशीसारखी गुळगुळीत होती, आणि तिच्यावर बारीक, ताज्या, पांढऱ्या रेघा होत्या.

"बाळ."

"काय?"

"हे काय केलंस?"

"काही नाही. थोडंसं वर राहायचं ते. नीट खाली उतरत नव्हतं. म्हणून जरा..."

"जरा काय?"

"पॉलिश पेपर. अगदी हलक्या हाताने, ताई! दरवाजा घट्ट झाला की सुतार घासतो ना, तसं."

"दरवाजा?" ताई म्हणाली. "दरवाजा!" इतक्या वर्षांत तिने दाताने टवके काढणारे पाहिले होते, फुलदाणीत झाडू ठेवणारे पाहिले होते, फुटक्या कानाला मेण लावणारे पाहिले होते. ते सगळे परके होते.

"बघितलंस?" दादा हर्षभरित. "घासलं! ह्याच्या हातात माझं झाकण गेलं आणि ह्याने ते घासलं!"

"माझं मी घासलं!"

"तुझं कसलं? तुझं असतं तर उतरलं नसतं का?"

"मग तुझं तरी कुठे बसतंय? खुळखुळ्यासारखं वाजतंय ते!"

दोघे थेट एकमेकांशी बोलत होते, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. ताईच्या लक्षात आलं, पण तिला त्याचं कौतुक करायला फुरसत नव्हती. वैतागून तिने दादाचं झाकण उचललं आणि बाळच्या बरणीवर टाकलं. टाकलंच म्हणायचं. आपल्या धंद्यात असं कुणी केलं असतं तर तिने त्याला घराबाहेर काढलं असतं.

झाकण आत गेलं आणि बसलं. आवाज नाही, हालचाल म्हणाल तर केसभर. तिने ते थोडं फिरवलं, तर झाकणावरची फांदी खांद्यावरच्या फांदीला जाऊन मिळाली.

"म्हणजे यानेच बदललं!" दादा.

"म्हणजे तूच बदललंस!" बाळ.

ताईने बाळचं घासलेलं झाकण दादाच्या बरणीवर ठेवलं. फांदी फांदीला मिळाली. हेच तिचं खरं झाकण. पण कड झिजली होती, त्यामुळे ते कलंडलं आणि गळ्यावर आपटलं.

टिक.

आणि दोन्ही भावांनी टेबलावरचे हात झटकन मागे घेतले.

एक साठीचा, एक पन्नाशीचा. दोघांचे हात पाठीशी, दोघांची नजर आतल्या खोलीच्या दाराकडे. त्या खोलीत वहिनी कपडे घडी करत होती, दुसरं कुणी नव्हतं.

ताईने झाकण उचललं आणि पुन्हा सोडलं. टिक. दादाचे खांदे वर आले.

"काय घाबरलास, दादा?"

"मी? मी कुठे घाबरलो?"

"आंबट गोळ्या," बाळ म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "दादाच्या बरणीत असायच्या. झाकण परत ठेवलं की टिक व्हायचं, आणि आतून बाबा..."

"'कोण आहे रे तिकडे?'" दादाने बाबांचा आवाज काढला. अगदी हुबेहूब.

"आणि तू माझं नाव सांगायचास."

"तू लहान होतास. तुला मार कमी पडायचा."

ताई खुर्चीवर बसली. चहाचा कप थोडक्यात वाचला. म्हणजे झाकण वाटणीच्या आधीपासून वाजत होतं. म्हणजे वाटणीत कुणी काही पळवलं नव्हतं. आपापल्या बरणीवर झाकणं चूपचाप बसायची, म्हणून त्या माणसाने, बाबांनी, ती मुद्दाम उलटसुलट ठेवली होती. ज्याने तिला आयुष्यभर 'गळ्याला धरू नको, आधी तळ बघ' म्हणून हैराण केलं, त्याने तीन पोरांना गोळ्या चोरताना पकडायला अशी जोडी मोडून ठेवली, आणि सांगायचं राहून गेलं. किंवा राहू दिलं. कुणावर चिडावं तेच तिला कळेना. समोर दोघे होते, म्हणून ती त्यांच्यावरच चिडली.

"इतकी वर्षं! एकदा, फक्त एकदा, एकमेकांच्या घरी जाऊन झाकणं बदलून बघितली असती तर?"

"त्याच्या घरी?" दोघे एकदम म्हणाले.

*

"दोन्ही बरण्या व दोन्ही झाकणं मूळची, एकाच जोडीची. झाकणं घरात दीर्घकाळ एकमेकांच्या बरणीवर होती. आता आपापल्या जागी ठेवली आहेत. पहिल्या बरणीच्या झाकणाची आतली कड अलीकडे..."

"ते नको ना लिहूस," बाळ तिच्या खांद्यावरून वाचत होता.

"लिहायचंच," ताई म्हणाली. "लपवलं तर माझी सही कशाला?"

"अगं, पण त्यामुळे त्यांनी नाही म्हटलं तर?" हे दादाने विचारलं. "पोरगं चुकलं. जाऊ दे की."

ताईने चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. सकाळपासून ज्याला चोर म्हणत होता, त्याचं आता पोरगं झालं होतं. दोघे शेजारी शेजारी उभे होते आणि विरुद्ध बाजूला ती एकटी. तिने चष्मा घातला आणि लिहिलं: "कुटुंबातील व्यक्तीने घासली आहे. फूट वा जोड नाही."

संग्रहालयाच्या बाई वेळेवर आल्या. त्यांनी कागद शांतपणे वाचला, घासलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि उसासा टाकला. तो उसासा ताईने ओळखला. ती स्वतः परक्या घरांत तोच टाकत असे.

"जोडी आहे ना पूर्ण?"

"आहे."

"मग घासलेलं आहे असं पाटीवर लिहू. आम्ही नेतो."

बाईंनी दादाच्या बरणीवर झाकण ठेवून पाहिलं. टिक. पाठोपाठ तीन माणसं एका सुरात दचकली.

"झाकणाखाली कागदाची चकती घालू आम्ही," बाई म्हणाल्या. "म्हणजे वाजणार नाही."

"नको!" दोन्ही भाऊ ओरडले.

बाईंनी ताईकडे बघितलं. तिघांत त्यातल्या त्यात शहाणी तीच दिसत असावी. चकती घालणंच योग्य होतं. दुसऱ्या कुणाच्या घरी ताईने ती आपण होऊन सुचवली असती.

"कड दुखावेल," ती म्हणाली. "चकती घालाच." मग, भावांचे चेहरे बघवेनात म्हणून, जरा चिडूनच: "पण कपाट उघडाल तेव्हा एकदा ती काढून, झाकण वाजवून बघत जा. आम्ही येऊ. सांगून येऊ."

"मला गाडीतून घेऊन जाशील ना?" दादाने बाळला विचारलं.

"पट्टा लावून," बाळ म्हणाला.

वहिनीने आतून हाक मारली, "वन्सं, चहा निवला. कप कुठे ठेवलात?"