दोन थिएटरांची एक शिडी

मी एक जुनी शिडी आहे. मला पंधरा पायऱ्या होत्या, आता चौदा आहेत. आठवी होती तिथे चार लोखंडी पट्ट्या आणि आठ बोल्ट आहेत, आणि चढणाऱ्याला तिथे मोठी ढांग टाकावी लागते. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. खरे सांगायचे तर माणसांशी माझे फारसे पटत नाही. माणूस मला तुडवत वर जातो, काम उरकून खाली उतरतो, आणि मला भिंतीला टेकवून निघून जातो. जन्मभर मी भिंतीच पाहिल्या.

त्या भिंती मात्र रंगीत होत्या. एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन थिएटरे. दोन्हींच्या दर्शनी भिंतीवर उंच फळा आणि त्यावर चालू सिनेमाचे पोस्टर. पोस्टर एका कागदाचे नसे. सोळा कागद, चार ओळींत. तळाच्या ओळीत पाय, सर्वांत वर चेहरा. ज्या म्हाताऱ्याने मला सुताराकडून करून घेतले, तो दोन्ही थिएटरांचे कागद चिकटवी. एका हातात खळीची बादली, कमरेला कुंचा. चढताना माझ्या पायऱ्या मोजत गुणगुणे,

पहिली पायरी मातीची, दुसरी माझ्या छातीची,
तिसरीवरती वारा गं, चौथीवरती गाव सारा गं...

पंधरावीपर्यंत त्याला ओळी पुरत. खळ सांडली तर तो आधी मला पुसे, मग स्वतःचे हात. माझ्या आयुष्यातली सुखाची वर्षे तेवढीच.

तो गेला. मागे थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. मुलीला डाव्या थिएटरचे काम मिळाले, मुलाला उजव्या थिएटरचे. शिडी एकच. एक दिवस हिची, एक दिवस त्याची. पाच वर्षे तसे चालले. ती माझ्यावर खळ सांडते म्हणून तो ओरडे. तो मला उन्हात टाकतो म्हणून ती ओरडे. मी कुणाचीच बाजू घेत नसे, कारण दोघेही खरे बोलत.

मग सुट्ट्यांचा तो हंगाम आला. शाळा बंद, कचेऱ्या बंद, सगळे शहर घराबाहेर. या दोन आठवड्यांवर थिएटरांचे वर्ष तरते किंवा बुडते. त्या वर्षी दोन्हीकडे नवा सिनेमा एकाच दिवशी लागणार होता. उजवीकडे मोठा: चारशे घोडे, जळणारी जहाजे, न संपणारे युद्ध. डावीकडे छोटा: एक कुटुंब घर बदलते आणि सामानाच्या गडबडीत आजोबांना जुन्या घरी विसरते, एवढीच गोष्ट.

दोघांच्याही मॅनेजरांनी त्यांना एकच दम दिला. "सिनेमा चालला तर तुझं काम राहील. आपटला तर कागद बंद आणि तूही बंद. फ्लेक्स लावू."

रस्ता एक, गर्दी एक. दोन्ही सिनेमे चालणार नाहीत हे बहीणभावाला न सांगता कळत होते. म्हणजे दोघांपैकी एकाची चूल विझणार होती. आणि पहिल्या खेळाआधी फळा भरलेला हवा होता.

आदल्या दुपारी दोघेही मला न्यायला आली.

"आज माझा दिवस आहे," धाकटा म्हणाला.

"काल तू नेलीस. आज माझा."

"काल नुसती धुवायला नेली होती. ताई, शिडी सोड."

"धुवायला? तू स्वतः आठवड्यातून एकदा अंघोळ करतोस आणि शिडी धुतोस?"

"तुझा सिनेमा म्हणजे एक म्हातारा. त्याला शिडी कशाला? स्टुलावर उभी राहा."

"आणि तुझ्या घोड्यांना काय पंख लावायचेत? सोड म्हणते ना, छोट्या!"

"छोट्या म्हणू नकोस. दोन पोरांचा बाप आहे मी."

"तीच दोन शहाणी आहेत तुमच्या घरात."

एक टोक तिने ओढले, एक त्याने. माझी खीळ न् खीळ कण्हली. शेवटी तो शेजारच्या दुकानातून करवत घेऊन आला. मला वाटले, नुसता धाक घालतोय. तिलाही तसेच वाटले असावे. ती म्हणाली, "काप की. हिंमत असेल तर काप."

मित्रांनो, हे वाक्य माणसांनी एकमेकांना कधी म्हणू नये. त्याने कापले. नेमके आठवीवर. माझा भुसा दोघांच्या चपलांवर पडला. आठवी पायरी सुटून रस्त्यात गेली आणि तिच्यावरून एक टेम्पो गेला. सात पायऱ्या हिच्या, सात त्याच्या. न्याय झाला!

तेव्हापासून मी दोन्हीकडे होते. खालचा रुंद भाग तिच्याकडे, वरचा निमुळता भाग त्याच्याकडे. म्हणून मला दोघांचेही सगळे माहीत आहे, आणि रागही दोघांचा आहे.

सातव्या पायरीवरून हात पोचतो तो दुसऱ्या ओळीपर्यंत. धाकट्याने सवयीने तळापासून सुरुवात केली. दोन ओळी लागल्या आणि संपले. फळ्यावर खूर, बूट आणि घोड्यांची पोटे. नायकाचा चेहरा गुंडाळीतच राहिला. दुसरी शिडी मागता आली असती. पण मागायचे म्हणजे ही अर्धी कशी झाली ते सांगणे आले. थोरलीने कागद जमिनीवर मांडले, कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहिले, आणि वरच्या दोन ओळी खाली चिकटवल्या. पाय घरी ठेवले. चेहरे थेट रस्त्यावरच्या माणसांच्या समोर आले.

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे रांगा लागल्या. उजवीकडच्या रांगेत एकजण म्हणाला, "घोडे आलेत, स्वार कुठंय?"

"सुट्टीवर गेला. हंगाम आहे ना!"

डावीकडे एका लहान मुलीने कागदी आजोबांच्या नाकात बोट घातले. तिची आई म्हणाली, "काढ ते बोट. ते आपले आजोबा नाहीत."

खरे सांगते, पहिल्या दिवशी घोड्यांकडेच गर्दी जास्त होती. बूट बघूनही लोक गेले. तिसऱ्या दिवसापासून मात्र मध्यंतरातच बाहेर पडू लागले. "युद्ध संपेना, मीच संपलो," असे म्हणत एकजण रस्ता ओलांडून आजोबांच्या रांगेत उभा राहिला. चौथ्या दिवशी डावीकडे हाऊसफुल्ल, आणि उजवीकडचा तिकीटवाला खिडकीत बसून नखे कापत होता.

मला सिनेमातले काही कळत नाही. पण एवढे कळते की घोड्यांचा सिनेमा चेहऱ्यावाचून पडला नाही. तो कंटाळवाणा होता. आणि आजोबांचा सिनेमा नाक खाली आल्याने चालला नाही. लोक पोट धरून हसले आणि शेजाऱ्यांना सांगत सुटले. मॅनेजर लोकांना मात्र सिनेमाला बोल लावता येत नाही. तो त्यांनीच निवडलेला असतो.

"तुझ्या खुरांनी सिनेमा पाडला," उजवा मॅनेजर धाकट्याला म्हणाला.

"साहेब, आत बसलेली माणसं उठून गेली. आत तर चेहरा होता ना?"

"तोंड वर करून बोलू नकोस. कागद फाड आणि चालता हो."

पडलेल्या सिनेमाचे कागद, ज्याने लावले त्यानेच फाडायचे, अशी तिथली चाल. त्याने फाडले. भर दुपारी, समोरच्या रांगेच्या देखत. त्या रांगेमागे थोरली उभी होती. ती हसली नाही. पण आलीही नाही.

डाव्या मॅनेजरने थोरलीचे कौतुक केले. ते मिनिटभर टिकले. "आता 'दुसरा आठवडा'ची पट्टी लाव. फळ्याच्या अगदी माथ्यावर, चौकातून दिसेल अशी. उद्या पहिल्या खेळाआधी. नाहीतर फ्लेक्सवाला आहेच."

माथ्याला पंधरा पायऱ्या लागत. शिडी मागायला तिने मान खाली घालून रंगाऱ्याचे दुकान गाठले. ते सुट्ट्यांमुळे बंद. मग ती आपला अर्धा भाग खांद्यावर टाकून भावाच्या दारात गेली. भावजयीने दार उघडले आणि पाठ फिरवून आत गेली.

"अर्धी शिडी दे."

"ये, बस, असं म्हणणार नाही मी," धाकटा म्हणाला.

"बसायला आलेच नाही."

"तुझा सिनेमा चालला. माझं काम गेलं. आता शिडीपण पाहिजे?"

"पट्टी लागली नाही तर माझंही जाईल. मग दोघं मिळून तुझ्या ओट्यावर माश्या मारू."

"आणि जोडलेल्या शिडीवर तू चढणार? मधून मोडली तर?"

"मोडली तर माझं काम तुला मिळेल. चांगलंच आहे की तुझं."

मला वाटते, हे त्याच्या मनात आधीच येऊन गेले होते. मग तो उठला आणि पट्ट्या, बोल्ट, पाना घेऊन आला. बोल्ट त्याने स्वतः आवळले. प्रत्येक बोल्ट दोनदा.

सकाळी तो 'नुसता बघायला' आला. हाताची घडी घालून लांब उभा राहिला. थोरली चढली. जोडावर मोठी ढांग टाकली तशी मी करकरले. तो धावत आला आणि दोन्ही हातांनी मला धरले.

"तुझ्यासाठी नाही," तो म्हणाला. "शिडी मोडेल म्हणून."

ती चौदावीवर पोचली. पट्टी वाऱ्याने फडफडत होती. ते हात मी ओळखत होते; करवत त्यांनीच धरली होती. घामाने ओले, रागाने ताठ. एक हिसका पुरला असता. वर तिलाही ते ठाऊक होते. त्याने पाऊल माझ्या पहिल्या पायरीवर रोवले आणि सारा भार टाकला.

"ताई, पट्टी उतरती लागतेय. उजवीकडून वर घे."

"गप राहा. खाली उभा राहून शिकवतोस?"

"चौकातून लोक हसतील."

"हसायला तुझे बूट पुरले त्यांना."

"वर घे म्हणतो ना, आंधळे!"

तिने वर घेतली. पट्टी सरळ लागली.

तेवढ्यात मॅनेजर बाहेर आला. "हा कोण? याला मी ठेवलेला नाही."

"साहेब, शिडी जोडाची आहे," वरून आवाज आला. "धरणारा असेल तरच मी चढणार. पुढचा आठवडा कोण लावणार ते तुम्ही ठरवा."

मॅनेजरने रांगेकडे पाहिले, पट्टीकडे पाहिले. "दोघं या. पगार एकच," एवढे बोलून तो आत गेला.

मित्रांनो, गोड शेवट शोधू नका. त्या पगारावरून ती दोघे रोज भांडतात. मी थिएटरच्या मागे उघड्यावर पडून असते, आणि माझी चौकशी कुणीही करत नाही. मला जपा, रंगवा, असे मी म्हणणार नाही. तुमचे जपणे मी पाहिले आहे. माझे मागणे एवढेच. शिडीवर आपले माणूस चढलेले असताना भांडायचे असेल तर खुशाल भांडा. फक्त भांडताना हातवारे करू नका.