वकीलबाई कंपनीच्या होत्या

माझ्या भावाने माझ्या नवऱ्याचा केसाने गळा कापला, आणि तोही माझ्याच स्वयंपाकघरात बसून, माझ्या हातचा चहा पीत.

भाऊ परदेशी वीज कंपनीत मोठा साहेब. कंपनी नाकाने कांदे सोलणारी. म्हणे, आम्ही कुणाला पैसे चारत नाही! मग सरकारी परवाने काय आभाळातून पडत होते? त्यासाठी बाहेरचा एक माणूस धरायचा, त्याला सल्लागार म्हणायचं, त्याची फी फुगवायची आणि त्या पैशाचं पुढे काय झालं ते विचारायचं नाही. तो बाहेरचा माणूस म्हणजे माझा नवरा.

"भाऊजी, सरकारी मुख्य इंजिनियरचं तोंड गोड करा, नाहीतर प्रकल्प रखडेल," असं भावाने सांगितलं, तेव्हा मी तिथेच भाजी चिरत होते. नवऱ्याने कधी त्याचा शब्द खाली पडू दिला नाही.

पुढे कंपनीच्या परदेशातल्या कचेरीला कुणकुण लागली आणि चौकशीला वकीलबाई आल्या. आदल्या संध्याकाळी भाऊ घरी आला. "भाऊजी, सगळं खरं सांगून टाका. कंपनीने स्वतःहून कबूल केलं की सरकार सौम्य घेतं. फक्त माझं नाव नको. मी कंपनीत राहिलो तरच तुम्हाला वाचवू शकेन."

वकीलबाईंनी बसताबसताच सांगितलं, "मी कंपनीची वकील आहे, तुमची नाही. समजलं ना?"

नवरा हसला. "अहो, कंपनीत माझा मेहुणाच बसलाय. म्हणजे तुम्ही आमच्याच की!"

काय म्हणावं या माणसाला! बाईंनी दोनदा बजावलं, तरी हा गडी पोपटासारखा बोलत सुटला. पैसे कुणाला दिले, कुठे दिले, सगळं सांगितलं. कुणाच्या सांगण्यावरून, एवढंच गिळलं. बाईंनी ते सगळं जसंच्या तसं सरकारला दिलं. कंपनी दंड भरून सुटली. भावाने हात वर केले. नवऱ्याला पोलिसांनी घरातून उचलून नेलं.

आता त्याला वाचवू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे मी. भावाचा हुकूम माझ्या कानांनी ऐकलेला. तो कोर्टात शाबीत झाला असता, तर नवरा हुकमाचा ताबेदार ठरून लवकर सुटला असता आणि भाऊ आत गेला असता. सख्खा भाऊ आहे, माहीत आहे मला. पण त्याने माझा संसार मोडताना बहीण आठवली होती का? मी साक्षीला उभी राहिले आणि तारीखवार सगळं सांगितलं.

मग भावाच्या बाजूने आईला उभं केलं. माझ्या आईला!

"त्या दिवशी मला ताप होता," आई म्हणाली. "मुलगा दिवसभर माझ्या उशाशी बसून होता. मुलगी नवऱ्यासाठी खोटं बोलतेय. लहानपणापासून तशीच आहे ती."

ताप कसला आणि उशाशी कोण! पण पांढऱ्या केसांच्या म्हातारीवर अविश्वास कोण दाखवणार? आरोपीची बायको तर असंच बोलणार, असं न्यायाधीश म्हणाले. नवऱ्याला सात वर्षांची शिक्षा झाली. त्याला नेताना तो माझ्याकडे नाही, आईकडे बघत होता. बारा वर्षं त्याने तिला आईच म्हटलं होतं.

बाहेर मी आईला गाठलं. "का गं? मी तुझ्या पोटची नव्हते?"

"होतीस की," ती म्हणाली. आवाजात जरासुद्धा लाज नव्हती. "पण म्हातारपणी मला त्याच्याच दारात राहायचंय. तू काय, लग्न करून दिलेली."

भाऊ गाडीचं दार उघडून उभा होता. आई आत बसली, काच खाली केली आणि म्हणाली, "आता एकटी पडलीस. दोन वेळा जेवायला येत जा, तो काही नाही म्हणणार नाही."